वही बंद करू नका

॥ श्री ॥

लिव्हरपूल,
मे अखेर

ती. काका आणि काकू यांस,
साष्टांग नमस्कार.

काका, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदाचे गणपती झाले की सगळं बंद. सापाच्या नोंदींच्या वह्या बासनात बांधून ठेवतो, आता कोणी रात्री साप चावला म्हणून हाक मारली तर दुसऱ्याकडे जा म्हणून सांगायचं." रेंज जात होती, तेव्हा नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

काकूचे गुडघे आणि तुमची शुगर मला माहीत आहे. मध्यरात्री बॅटरी घेऊन पाणंदीने धावण्याचं वय राहिलं नाही, हे मलाही पटतं. तुम्ही दोघांनी विश्रांती घ्यायलाच हवी. पण तुम्ही थांबणं वेगळं आणि काम थांबणं वेगळं. काम थांबवू नका एवढंच माझं मागणं आहे.

इथे लिव्हरपूलला उष्ण प्रदेशातल्या रोगांची एक जुनी संस्था आहे, 1898 सालची. सर्पविषावर तिथे मोठं संशोधन चालतं. मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी तिथे एक व्याख्यान ऐकायला गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं आणि 2030 पर्यंत त्यातले मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. आपल्या देशात 2000 ते 2019 या काळात साप चावून सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांतली. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या की औषध आहे, पण चावल्या जागेपासून औषधापर्यंतचा रस्ता कोणी बांधलेला नाही. मला तिथेच उठून सांगावंसं वाटलं की आमच्या दाभोळच्या खाडीकाठी दोन माणसांनी तो बांधलाय, इतकी वर्षं झाली.

दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट 2003 साली आली. त्याआधी रात्री पेशंट पलीकडे न्यायचा तर होडीवाल्याला उठवा, भरती-ओहोटी बघा, नाहीतर चिपळूणच्या रस्त्याने जीप शोधा. फेरी आली तरी ती रात्री नसतेच. काका, तुम्ही तेव्हा घरोघर हिंडून कोणाकडे गाडी आहे, कोण रात्री दार उघडतो, कोणाची होडी पाण्यात आहे, हे सगळं लिहून भिंतीला लावलं होतं. लोकांना तो कागद साधा वाटायचा. इथे वॉर्डात आम्ही दर पाळीला असाच कागद बघून कामाला लागतो.

आणि काकू, तू. खालच्या वाडीतला तो नववीतला मुलगा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पडवीत घोंगडीवर झोपला होता. पहाटे पोटात कळा यायला लागल्या, त्याच्या आईने ओवा दिला, पोट शेकलं. तू गेलीस, मी मागे बॅटरी घेऊन. तू त्याच्या पोटाला हातच लावला नाहीस. बॅटरी तोंडावर धरायला सांगितलीस आणि म्हणालीस, "वर बघ रे." त्याला पापण्या उचलता येईनात. भुवया ताणून, मान मागे टाकून बघायला लागला. बोलताना जीभ जड. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूण नाही. तू एवढंच म्हणालीस, "मण्यार. गाडी काढा." लाळ घशात जाऊ नये म्हणून कुशीवर निजवून नेलंत. दवाखान्यात सर्पविषावरची लस सुरू झाली, तरी श्वास अपुरा पडायला लागला तेव्हा डॉक्टर आंबू बॅग दाबत हाताने श्वास देत राहिले आणि तसाच त्याला मोठ्या रुग्णालयात हलवला. वाचला. आज त्याची स्वतःची रिक्षा आहे.

मण्यार अशीच चावते. रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, आणि बऱ्याचदा दुखतही नाही, हे मी नर्सिंगच्या पुस्तकात फार नंतर वाचलं. तुला ते आधीपासून माहीत होतं, आणि त्याच पावसाळ्यात तू महिला मंडळाकडून मच्छरदाण्या घ्यायला लावल्यास. मच्छरदाणी नुसती टांगायची नाही, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचायची, हे तू प्रत्येक घरात जाऊन दाखवलंस.

भगताचं तर मी इथे मैत्रिणींना नेहमी सांगते. आधी त्याच्याकडे जायचं आणि तास-दोन तास घालवायचे, ही रीत होती. बाहेरचे कार्यकर्ते येऊन त्याला शिव्या देऊन जात, गाव त्याच्याच बाजूने उभं राही. काका, तुम्ही त्याच्या अंगणात जाऊन बसलात आणि म्हणालात, "मंत्र म्हण, पण गाडीत बसून म्हण." तो खरंच गाडीत बसायला लागला. पुढे तोच लोकांना सांगायचा, पायाला दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, अंगठी-बांगडी आधी काढा, पाय फळीला बांधून हलू देऊ नका. त्याच्या तोंडून ऐकलेलं लोकांनी ऐकलं.

लसीसाठी तुम्ही केलेली भांडणं मात्र कोणाला ठाऊक नाहीत. एका आरोग्य केंद्रात ऐन पावसात उत्तर मिळालं होतं की फ्रीज बिघडलाय म्हणून लस ठेवत नाही. तुम्ही कुपीच्या खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवलात, की ही पावडरची लस आहे, फ्रीजशिवाय टिकते. तरी हालचाल नाही म्हटल्यावर माहिती अधिकारात अर्ज टाकलात, साठा किती, कधी आला, कधी संपला. तेव्हापासून जूनच्या आत लस यायला लागली. दुसरं भांडण काचेच्या नळ्यांचं. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय. प्लास्टिकच्या बाटलीत ही तपासणी फसते, आणि तिथे सगळं प्लास्टिकच होतं. एवढ्याशा नळ्यांसाठी तुम्ही किती चकरा मारल्यात!

आता वह्यांकडे येते, कारण खरं बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच.

तुमच्या वहीत तारीख आहे, वाडी आहे, काय करताना चावलं ते आहे: गडग्याचे चिरे हलवताना, काजूच्या पाचोळ्यात हात घालताना, पेंढा उपसताना. चावल्यापासून किती वेळाने दवाखाना गाठला, किती कुप्या लागल्या, पुढे माणूस कसा आहे. साप ओळखता आला असेल तर तोही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते. चापडा नावाच्या सापाच्या विषावर ती चालत नाही, आणि चापडा आपल्या बागांतून असतो. तुमच्या वहीत चापड्याच्या नोंदी वेगळ्या आहेत. किनाऱ्यावरच्या एका टापूची, एकाच हाताने इतकी वर्षं ठेवलेली नोंद कितीजणांकडे असेल? ती बासनात गेली तर वाळवी खाईल, दुसरं काही नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं उदाहरण तुम्हीच मला लहानपणी सांगायचात. 1976 साली हिंमतराव बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले तेव्हा इंगळी चावून, फुफ्फुसात पाणी भरून पोरं मरत होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. 1982 साली ती निरीक्षणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली, आणि पूर्वी 25-30 टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. 2011 साली नवराबायकोने मिळून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवावरची लस दिली तर पेशंट आणखी लवकर सावरतो. 2022 साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. हे सगळं आपल्या रायगडात, तालुक्याच्या गावी झालं. तुम्ही दोघं डॉक्टर नाही, मला कळतं. पण टिपून ठेवण्याचं काम तुम्ही त्याच निष्ठेने केलंत. डॉक्टरांना जे दवाखान्याच्या आत दिसतं, त्याच्या आधीचा तास तुमच्या वहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं ऐका. पाऊस लागायच्या आत ग्रामसभेत विषय घ्या. वही पुढे कोण लिहिणार, हे सगळ्यांसमोर ठरू दे. आशाताई आहेतच, पण त्यांच्यावर आधीच किती ओझं आहे, त्यांच्या एकटीच्या गळ्यात घालू नका. तो रिक्षावाला मुलगा, हायस्कूलचे विज्ञानाचे सर, आणि काकू, तुझ्या मंडळातल्या त्या दोघी ज्या न सांगता तुझ्यामागून येतात. काका, तुम्ही त्यांना लिहायला शिकवा. पहिल्या पावसात तुम्ही सांगा, त्यांनी लिहावं. पुढच्या वर्षी त्यांनी लिहावं, तुम्ही फक्त वाचा. काकू, पापण्या कशा बघायच्या हे कागदावर येणार नाही, ते तू हातांनीच शिकव. तुझ्या गुडघ्यांना त्रास नको, त्या पोरींना घरी बोलव.

जुन्या वह्यांचे फोटो काढायला मी गणपतीत येते आहे. लोकांची नावं झाकूनच काढू, कोणाच्या आजाराची माहिती अशी उघडी पडता कामा नये. मग जिल्ह्याच्या डॉक्टरांना दाखवू. केंद्र सरकारने 2024 साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, म्हणजे आता कोणी तुम्हाला "हे आमचं काम नाही" म्हणून परत पाठवू शकत नाही.

लेप्टोचंही, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचंही, विसरू नका. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर तुम्ही दोघं आरोग्य सेवकांबरोबर चिखलातून त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या वाटत हिंडलात, आणि काकू, तू दर दारात बजावत होतीस की रिकाम्या पोटी घेऊ नका, गरोदर बाईला आणि लहान मुलांना ही गोळी द्यायची नाही, त्यांना डॉक्टरकडे न्या. लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर आधी ती झाका, ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर अंगावर काढू नका, हेसुद्धा त्या नव्या मंडळींच्या कानावर घाला. वहीत त्यासाठी मागची पानं ठेवा.

बॅटऱ्या आणि गमबूट यांसाठी थोडे पैसे दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. गमबूट आधी कवळ तोडणाऱ्या आणि बाग साफ करणाऱ्या बायकांना द्या, पुरुषांना नंतर. माप विचारून घ्या, मोठे झाले तर त्या घालणार नाहीत.

काकू, गोळ्या वेळेवर घे आणि काकांना ताकात साखर घालून देऊ नकोस. आजीला माझा नमस्कार. ग्रामसभेची तारीख ठरली की मेसेज टाका, मी पाळी बदलून घेईन आणि फोनवर हजर राहीन. तुम्हाला लाज वाटत असेल तर विषय मी मांडते.

तुमची लाडकी पुतणी