काम दिलं, नजर ठेवली

हिंगणा रोड, नागपूर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. बढती मिळाली, हाताखाली माणसं आली आणि साहेब रात्री दहाला घरी जातात! माणसं तुझा भार हलका करायला दिलीत ना बे?

कामं वाटून दिलीत म्हणतोस. पण प्रत्येक कोटेशन तुझ्या सहीशिवाय हलत नाही आणि सुट्टीच्या दिवशीही फोन तुलाच येतो. म्हणजे मेहनत त्यांची, निर्णय तुझा. अशाने कोण कशाला डोकं लावेल? मात्र "तुम्ही बघून घ्या" म्हणून गायब होणारा आणि बिघडल्यावरच उगवणारा साहेब मला तुझ्यापेक्षाही वाईट वाटतो. तुझी माणसं निदान वाट तरी बघतात, त्याची माणसं घाबरून चुका लपवायला शिकतात.

आमच्या शेडमध्ये कंट्रोल पॅनल, म्हणजे मशिनी चालवायच्या विजेच्या पेट्या बनतात, तुला माहीतच आहे. वायरिंग कुठून न्यायची, आधी कोणती फेरूल (वायरीच्या टोकाची नळी) घालायची, यात मी तोंड घालत नाही. पण बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, झाकण चढायच्या आधी काम थांबतं. बोल्ट टॉर्क पानाने ठरलेल्या जोराने आवळलेत का, वायरीच्या टोकाचे लग नीट दाबलेत का, हे मी किंवा टेस्टिंगवाला डोळ्यांनी बघतो आणि मगच झाकण बसतं. कारण एकदा झाकण बसलं की आतलं दिसत नाही. सैल जोड लोड आल्यावर तापतो, आणि आपल्याकडचा मे महिना त्यात भर घालतो. ही थांबायची जागा काम देतानाच ठरलेली असते. म्हणून मी तिथे जाऊन उभा राहिलो तर कोणाला अपमान वाटत नाही. तू मात्र मनात आलं की मागे जाऊन उभा राहतोस. त्याचाच त्रास होतो रे माणसाला.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना (घोडदळाच्या अधिकाऱ्यांना) आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र आठव. दाणागोटा आताच उधळला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरात शिरतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील, हे सगळं कारणांसकट सांगितलंय. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथपर्यंत! महाराज स्वतः पेंढ्या मोजायला गेले नाहीत. घात कुठून होईल तेवढं नेमकं दाखवलं आणि छावणी त्यांच्यावर सोपवली. आपण नेमकं उलटं करतो. पेंढ्या मोजतो आणि वातीचं सांगायला विसरतो.

आता तुझा प्रश्न, किती लक्ष घालायचं? ते माणसावर नाही, माणूस आणि काम या जोडीवर ठरतं. आमचा सगळ्यात जुना वायरमन पॅनल डोळे मिटून करेल. त्यालाच पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या साइटवर कमिशनिंगला, म्हणजे पॅनल चालू करून द्यायला पाठवलं, तेव्हा रोज संध्याकाळी फोन ठरवला होता. पुढे तो आपोआप बंद झाला. जुना आहे म्हणून मोकळं सोडलं असतं तर तो तिथे एकटा पडला असता.

आणि कोणी "भाऊ, हे अडलं, आता काय करू?" म्हणत आला की लगेच उत्तर देऊ नकोस. "तू काय करणार होता?" एवढंच विचार. बहुतेक वेळा उत्तर त्याच्याजवळ असतं, त्याला फक्त कोणीतरी हो म्हणायला हवं असतं. तू उत्तर दिलंस की काम परत तुझ्या टेबलावर आलं. गिऱ्हाइकाचं नुकसान किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र हा शहाणपणा नको, सरळ हात घाल.

तो व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा बंद कर बाबा. रात्री साडेअकराला "स्टेटस?" विचारणं म्हणजे टीमबरोबर असणं नव्हे. सकाळी मजल्यावर एक चक्कर मार, टपरीवर त्यांच्यासोबत चहा घे. अर्धी अडचण तिथेच कानावर येते, आणि तीही कोणाची तक्रार न होता.

पुढच्या पत्रात फक्त दोन गोष्टी लिही. कोणतं काम पूर्ण सोडलंस आणि ते कोणाला दिलंस. कोटेशनपासूनच सुरुवात कर, एका रकमेपर्यंत सही त्यांचीच राहू दे. रक्कम किती, हे तुझ्या अकाउंटवाल्याला विचारून ठरव, मला नको विचारू.

वहिनींना नमस्कार. संत्र्यांची पेटी तुझ्या मेव्हण्यासोबत पाठवतोय, दोन दिवसांत संपवा.

तुझा,
बाल्या