टाकीवरची रेंज श्रावणात बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गावोगावच्या नळयोजनांवर आता सेन्सर बसणार आणि टाकीतले पाणी साहेबांना तालुक्याला बसून मोबाइलवर दिसणार, अशा बातम्या वाचनात येतात. बसोत की. सेन्सरविषयी माझी तक्रार नाहीच. आमच्या टाकीवरचा सेन्सर चांगला होता, आजही तोच आहे. त्याने मोजलेले पाणी खाली गावात कोणत्या वाटेने कळवायचे, हे मात्र कोणीतरी खुर्चीत बसून ठरवले होते. त्याचा त्रास आमच्या वरच्या वाडीने दोन दिवस भोगला.

मी ३१ वर्षे टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होतो. आता अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळच्या माझ्या गावी असतो आणि पाणीपुरवठा समितीत लुडबुड करतो. आमची विहीर ओढ्याकाठी, टाकी टेकडीवर. टाकी ५० हजार लिटरची. माणशी ५५ लिटर धरले तर ९०० माणसांचे एका दिवसाचे पाणी. म्हणजे एक दिवस मोटर लागली नाही की दुसऱ्या दिवशी हंडे बाहेर.

तीन वर्षांपूर्वी आषाढात नेमके हेच झाले. मोबाइलवर टाकी ९२ टक्के भरलेली दिसत होती, म्हणून पाणीवाल्या पोराने मोटर लावली नाही. दुसऱ्या दिवशीही ९२ टक्के. तिसऱ्या दिवशी तो दारात आला, "तात्या, मोबाइल म्हणतोय टाकी भरलेली, अन् वाडीत ठणठणाट." बाहेर धो धो पाऊस आणि बायका पन्हळीखाली भांडी लावून बसलेल्या. ९२ हा आकडा तीन दिवसांपूर्वीचा होता. नवी नोंद येत नाही म्हणून जुनीच दाखवत राहायचे आणि ती कधीची हे सांगायचे नाही, अशी ती करामत होती.

वर जाऊन पेटी उघडली. आत २जी मोडेम, म्हणजे मोबाइल टॉवरमार्फत नोंद पाठवणारे यंत्र. त्याचा अँटेना गुंडाळी करून लोखंडी पेटीच्या आतच ठेवलेला! ज्याला यात काही वावगे वाटत नसेल त्याने घरचा ट्रान्झिस्टर धान्याच्या कोठीत ठेवून, झाकण लावून बातम्या ऐकून बघाव्यात.

पण अँटेना बाहेर काढूनही फार फरक पडला नसता. आमच्या शाळेमागे एकच टॉवर आहे आणि तो फक्त ४जी. २जी मोडेमला त्याची भाषाच कळत नाही. म्हणून यंत्रात दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेले आणि त्या कंपनीचा टॉवर डोंगराआड ९ किलोमीटरवर. निविदेत "जीएसएम" असा एक शब्द होता, म्हणजे २जीचीच पद्धत, तो ठेकेदाराने पाळला. वर "पाहणी अहवाल"ही होता. पाहणी मे महिन्यातली, कोरड्या हवेतली. त्यात ग्रामपंचायतीजवळ उणे ८७ आणि टाकीजवळ उणे १०९ अशी सिग्नलची नोंद. खाली शेरा : टाकीजवळ सिग्नल अधिक चांगला. उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल मेलेला, हे त्या तरुणाला कोणी सांगितलेच नव्हते. मी त्याला दोष देत नाही. अहवालावर सह्या करणाऱ्या तिघांपैकी एकानेही तो वाचला नाही, याचे मला जास्त वाटते.

कमकुवत सिग्नलचा दुसरा फटका बॅटरीला बसतो आणि तो कागदावर कुठेच दिसत नाही. टॉवर लांब असला की मोडेम पूर्ण ताकदीने ओरडतो. ९०० मेगाहर्ट्झवर २जी मोडेमची कमाल ताकद २ वॅट, आणि त्या क्षणी तो बॅटरीतून २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. जोडणी तुटली की पुन्हा टॉवर शोधतो, पुन्हा ओरडतो. उन्हाळ्यात सोलर पॅनल ही झीज भरून काढते. आमच्याकडे आषाढात आठ-आठ दिवस धुके उठत नाही, पॅनलला सूर्य दिसत नाही. बॅटरी पाचव्या-सहाव्या दिवशी बसते. त्यात गावची वीज गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीही संपते. म्हणजे ज्या दिवसांत नोंद हवी, त्याच दिवसांत ती हमखास येणार नाही.

मी जुना तारांचा माणूस. पहिला विचार साहजिकच तारेचा आला. पूर्वी विहीर ते टाकी पाइपासोबत पायलट वायर टाकत, टाकी भरली की खाली दिवा लागायचा. साधे आणि भरवशाचे. पण आमच्या भागात उघडी तार दोन कारणांनी टिकत नाही, वीज आणि चोर. जुनी तारांची जोडी एकदा वळवाच्या विजेने जळाली, दुसऱ्यांदा तांब्यासाठी रातोरात गुंडाळून नेली. तार गेली तेव्हा मला माझेच कोणी गेल्यासारखे झाले होते, ते असो.

मग पुतण्याच्या मदतीने लोरा लावून पाहिले. हा अगदी कमी ताकदीचा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो, त्यात हा चालतो. आमचा संच २५ मिलिवॅटवर बोलतो, म्हणजे २जीच्या कमाल ताकदीच्या ऐंशीव्या हिश्शावर. सिम नाही, रिचार्ज नाही. मात्र तो अगदी थोडे आणि सावकाश बोलतो. लांबच्या पल्ल्यावर पाच-दहा अक्षरे पोचवायला सेकंदभर लागतो. आम्हाला तरी काय पाठवायचे असते? पाण्याची पातळी आणि बॅटरीचा व्होल्टेज. कोणाला टाकीवर कॅमेरा हवा असेल तर लोराचा उपयोग नाही, ४जीच लागेल.

लोराचे दोन्ही अँटेना एकमेकांना समोरासमोर दिसावे लागतात. टाकी ते ग्रामपंचायत सरळ रेषेत सव्वादोन किलोमीटर, मध्ये एक जांभूळ. उन्हाळ्यात त्याने काही त्रास दिला नाही. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या पानांनी निरोप खायला सुरुवात केली, तेव्हा अँटेना दीड मीटर उंच केला. दर पंधरा मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला ९६ निरोप निघतात. मी वहीत मांडून ठेवले आहे. गेल्या आषाढातल्या सर्वांत वाईट दिवशी त्यातले ८१ पोचले.

यात मला सर्वांत पटलेली गोष्ट वेगळीच आहे. एक रिसीव्हर आम्ही पाणीवाल्याच्या घरात लावला. टाकी निम्म्यावर आली की लाल दिवा, तासभर निरोप नाही आला की पिवळा. याला इंटरनेट लागत नाही. दुसरा रिसीव्हर ग्रामपंचायतीत, तिथून फायबर नाहीतर ४जी, जे चालू असेल त्यावरून नोंद पुढे जाते. दोन्ही बंद असले तर ती साठून राहते आणि मागाहून वेळेसकट जाते. तालुक्याला कळायला चार तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. ज्याला बटण दाबायचे आहे त्याला आधी कळले पाहिजे. निविदा लिहिणाऱ्यांनी हा क्रम बरोबर उलटा धरलेला असतो.

हे वाचून कोणी सगळीकडे लोरा लावा असे म्हणू नये, ती पुन्हा तीच चूक होईल. सपाटीवरच्या, टॉवरखालच्या गावाला साधा ४जी मोडेम पुरे. टाकी झाडीत किंवा खोलगट जागी असेल तर एनबी-आयओटी, म्हणजे यंत्रांच्या छोट्या नोंदींसाठीची मोबाइल टॉवरवरची सेवा, तपासावे. ते २जीपेक्षा २० डेसिबल, म्हणजे शंभरपट क्षीण सिग्नलवरही निभावते असे त्याचे गणित आहे, पण त्या टॉवरवर ती सेवा चालू आहे का हे जागेवरच कळते. हवामान खात्याची कित्येक स्वयंचलित केंद्रे इन्सॅट उपग्रहामार्फत नोंदी धाडतात. धरणांना, पूररेषेवरच्या केंद्रांना तो खर्च शोभतो, आम्हाला नाही. २जी मात्र नव्या कामात कोणी लावू नये. अनेक देशांनी ते बंद केले आहे आणि आपल्या योजना पंधरा-वीस वर्षांच्या हिशेबाने बांधतात.

सिमचाही एक घोळ आहे. आमच्या यंत्राचे सिम ठेकेदाराच्या नावावर होते. देखभालीची मुदत संपल्यावर ते बंद पडले. ग्रामपंचायत रिचार्ज करायला तयार होती, पण सिम आमचे नाही म्हणून आम्हाला कोणी दारात उभे करीना.

आता आमच्या शेजारच्या चार गावांचे अंदाजपत्रक तयार होते आहे आणि चारही ठिकाणी पुन्हा "जीएसएम/४जी" असा एकच शब्द छापला आहे. त्यातल्या दोन टाक्या दरीत आहेत. संबंधित अभियंत्यांना विनंती, की प्रत्येक टाकीवर पावसाळ्यात निदान तीन दिवस सिग्नल मोजावा, कंपनीनिहाय आकडे अंदाजपत्रकाला जोडावेत, सिम ग्रामपंचायतीच्या नावावर घ्यावे आणि जुनी नोंद नवी म्हणून दाखवणारे यंत्र परत पाठवावे. माझी वही बघायची असेल तर जरूर यावे, टाकीपर्यंत मी सोबत चढेन. वाट पाऊण तासाची आहे आणि श्रावणात शेवाळलेली असते. चपलेवर येऊ नये.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, ता. अकोले