समुद्राकडे पाठ

प्रिय अविनाश,

स. न.

कादंबरीचं कुठवर आलं, असं विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसलो.

परतीच्या पावसात रेवसच्या धक्क्यावर दिसलेल्या बाईबद्दल तुला मागे बोललो होतो. लाँच लागत होती, सगळ्यांचे डोळे पाण्याकडे आणि ही एकटी समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभी. पाऊस पडत होता तरी हातातली छत्री मिटलेली. लुगड्याचा पदर ओला होऊन खांद्याला चिकटला होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. एवढंच पाहिलं. ती कोण, हे विचारलं नाही आणि विचारायचंही नव्हतं. विचारलं असतं तर कादंबरी तिथेच संपली असती.

बरेच दिवस मी भलत्याच प्रश्नामागे होतो, ती कुणाची वाट बघते याच्या. त्यातून नुसती विरहाची गोष्ट होते आणि तशा शेकडो आहेत. मग वाटलं, पावसात उघडी छत्री कुणाच्या नजरेत येत नाही, मिटलेली मात्र लांबून ओळखू येते. म्हणजे ही खूण आहे. उघडी असेल तर ये, मिटलेली असेल तर तसाच मागे फिर. त्या क्षणी भीती आणि प्रेम एका जागी आले आणि मला थरारक प्रेमकथा दिसली.

काळ आपोआप ठरला. रेवसच्या धक्क्यावर बोटीकडे पाठ म्हटलं की मला मुंबईहून रेवसला येताना बुडालेली ‘रामदास’ बोटच आठवते. 17 जुलै 1947. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, आषाढी अवस तोंडावर, म्हणून गावी निघालेली माणसं. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. वाचली त्यांतली बरीचशी कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतली म्हणून वाचली. मुंबईला तर दुपार उलटेपर्यंत पत्ताच नव्हता.

माझा केशव मुंबईत एका पेढीवर कारकून. पेढीतली एक गोष्ट त्याला कळली आहे, मालकाला ती बाहेर फुटायला नको आहे. ‘रामदास’नं गावी जातो, असं तो मुद्दाम चारचौघांत बोलतो आणि खरं तर आदल्या दिवशीच पनवेल-पेणच्या वाटेनं निघायचं ठरवतो. एसटी सुरू झाली 1948 साली, म्हणजे भर पावसात खाजगी सर्व्हिस मोटार, मिळेल तिथपर्यंत. केव्हा पोचेल, याचा काही नेम नाही. त्याची यमुना, म्हणजे धक्क्यावरची ती बाई, पार्सल घ्यायच्या निमित्तानं तिथे येते, छत्री उघडून रस्त्याकडे तोंड करून उभी राहते. तेवढ्यात तिला गर्दीत पेढीचा माणूस दिसतो आणि ती छत्री मिटते.

मग बातमी येते. धक्क्यावर एकच आकांत. गावाच्या लेखी केशव बुडाला. त्याची आई यमुनेच्या गळ्यात पडून रडते आणि हिला रडायचं सोंग करावं लागतं, कारण तो बोटीवर नव्हता हे फक्त हिला ठाऊक. पण तो येत नाही. आज नाही, उद्या नाही, दिवाळीतही नाही.

इथे माझी झोप उडते, अविनाश. आयत्या वेळी बेत बदलून, हिला लवकर भेटावं म्हणून तो बोटीतच चढला असेल, तर तो मेला, पण त्याचं प्रेम खरं होतं. चढला नसेल तर जिवंत आहे आणि हिला टाकून गेला. किंवा तो आला, त्यानं लांबून मिटलेली छत्री पाहिली आणि परत फिरला. म्हणजे तिनंच त्याला घालवलं. यातलं कुठलं खरं असावं असं तिला वाटतं, याची तिला स्वतःलाच धास्ती आहे. सगळी कादंबरी मी यावर उभी करतोय. पेढीचा माणूस, पाठलाग, चोरून ठेवलेली खतावणी हे सगळं आहे, पण ते तिला हे उत्तर शोधायला घराबाहेर काढण्यापुरतं.

एक मात्र पक्कं. बोट बुडण्याचा प्रसंग मी लिहिणार नाही. त्या पट्ट्यातल्या किती घरांत अजून ते दुःख आहे, तुला सांगायला नको. त्यावर थरार उभा करायला माझा हात धजत नाही. मी यमुनेबरोबर धक्क्यावरच थांबणार. तिला जेवढं कळेल तेवढंच वाचकाला.

आता काम तुझ्याकडे. तुझ्या आईंना विचार, त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात मोटार रेवसच्या धक्क्यापर्यंत यायची की अलीकडेच उतरून चालावं लागे? चालावं लागत असेल, तर त्या वाटेवरून धक्क्यावर उभं असलेलं माणूस किती लांबून दिसायचं? माझं तिसरं प्रकरण या उत्तरावर अडून बसलंय. जमल्यास रविवारच्या आत कळव. त्यांना माझा नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
मोहन