नाणं काढणं सोपं, सांभाळायचं कुणी?

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात क्रिप्टो कॉइनच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच चालणाऱ्या नाण्यांच्या नावाखाली पैसे दुप्पट करून देणाऱ्यांची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात एक गृहस्थ मोबाईल घेऊन हजर. माझं राजारामपुरीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, गल्लीतल्या पोरांना माहिताय की मी ते कॉइनचं काहीतरी करत असतो, त्यामुळं असली माणसं बरोबर माझ्याकडंच पाठवतात. ह्यांच्या ॲपमध्ये अकरा लाख दिसत होते. "दादा, एवढे काढून द्या, तुमचं काय असेल ते कापून घ्या." मी विचारलं, ह्याचा एक्सप्लोरर कुठाय? नोड कुठं चालतो? किल्ली कुणाकडं आहे? तर म्हणाले किल्ली कसली, सरांनी आयडी पासवर्ड दिलाय की. मी काय समजायचं ते समजलो. खऱ्या नाण्याची व्यवहारांची वही एक्सप्लोरर नावाच्या वेबसाइटवर कुणालापण बघता येते, ती वही ठेवणारा कॉम्प्युटर म्हणजे नोड, आणि किल्ली म्हणजे नाणी खर्चायचा गुप्त आकडा, तो ज्याची नाणी त्याच्याकडंच असतो.

बातमीबद्दल माझी तक्रार नाही, बरोबरच होती. पण त्यात शेवटी जे लिहिलं होतं की बिटकॉइन सोडलं तर बाकीची सगळी छोटी नाणी एकाच माळेचे मणी, ते काय पटलं नाही म्हणून हे पत्र. मी २०१४ पासून एक छोटं नाणं माइन करतोय, म्हणजे मशिन राबवून व्यवहार वहीत चढवायचे आणि बदल्यात नवीन नाणी मिळवायची, मधूनमधून विकतोय आणि गेली काही वर्षं त्याच्या देखभालीत पण हात घालतोय. कुठलं नाणं ते लिहीत नाही, लिहिलं तर उद्या कोणतरी घ्यायला जाईल आणि शिव्या मला बसतील.

पहिल्यांदा हे सांगतो की नवीन नाणं काढणं ही काय मोठी गोष्ट नाही. बिटकॉइनचा कोड २००९ पासून उघडा आहे, कुणीपण घ्यावा. २०११ ला त्यातनं नेमकॉइन निघालं, त्याच वर्षी लाइटकॉइन, त्यात वहीचं एकेक पान, म्हणजे ब्लॉक, दहा मिनिटांवरनं अडीच मिनिटांवर आणला आणि एकूण दोन कोटी दहा लाखांच्या जागी आठ कोटी चाळीस लाख नाणी ठेवली. २०१३ च्या डिसेंबरात दोघांनी चेष्टा म्हणून कुत्र्याच्या तोंडाचं डोजकॉइन काढलं आणि ते आजपण चालूच आहे. नाव बदला, चित्र बदला, चार आकडे बदला, एका संध्याकाळी नाणं तयार. आमचं पण असंच लाइटकॉइनच्या कोडवरनं निघालेलं, ज्यानं काढलं तो दीड वर्षात गायब झाला, आणि खरी गोष्ट तिथनं पुढं सुरू होते.

माइनिंगचं थोडक्यात सांगतो कारण त्याचंच लोकांना सगळ्यात जास्त कौतुक असतं. सुरुवातीला मी गेमिंगच्या ग्राफिक कार्डवर करायचो. मग ह्याच कामासाठी बनवलेली एसिक मशिनं आली आणि ग्राफिक कार्डवाल्यांचा खेळ खलास. पुढं मी एल-थ्री-प्लस नावाचं एक सेकंडहँड एसिक मशिन घेतलं, ८०० वॅट खाणारं. हिशोब करा, दिवसाला १९.२ युनिटं, महिन्याला ५७६, दहा रुपये युनिट धरलं तरी ५,७६० रुपये नुसती वीज, आणि आवाज म्हणाल तर पिठाच्या गिरणीत बसल्यासारखा. घरात ठेवलं तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, अहो निदान दळण तरी घ्या बाहेरचं. तेव्हा ह्यातनं कुणी फ्लॅट घेईल असं वाटत असेल तर सोडून द्या, मला कित्येक महिने बिलाएवढे पण सुटले नाहीत.

छोट्या नाण्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. भाव जरा वर गेला की जगभरातनं मोठे मायनर येऊन पडतात, मग अवघडपणा वाढतो, म्हणजे तेवढंच नाणं काढायला जास्त राबावं लागतं. भाव पडला की हेच सगळे एका रात्रीत निघून जातात, ऊसतोडीची टोळी अर्ध्या फडातनं उठून गेल्यासारखं, आणि मागं राहिलेले आम्ही चार जण तोच मोठा फड तोडत बसतो. लाइटकॉइनच्या मूळ नियमात अवघडपणा दर २,०१६ ब्लॉकनंतर बदलतो, म्हणजे साधारण साडेतीन दिवसांनी. पण दहातले नऊ भाग मायनर गेले तर त्याच २,०१६ ब्लॉकना ३५ दिवस लागतात, अडीच मिनिटांचा ब्लॉक पंचवीस मिनिटांवर जातो, आणि तेवढ्यात कंटाळून उरलेले पण जातात. कितीतरी नाणी अशीच जागेवर मेली.

ह्यावर एक चांगला उपाय निघाला तो म्हणजे मर्ज्ड माइनिंग. उसात भुईमुगाचं आंतरपीक घेतो ना, पाणी तेच, मशागत तीच, पिकं दोन, तसं. मोठ्या नाण्यासाठी मशिन जे काम करतं तेच छोट्या नाण्याला पण मोजलं जातं, जादा वीज लागत नाही. डोजकॉइननं २०१४ लाच लाइटकॉइनबरोबर हे सुरू केलं आणि ते वाचलं. आम्ही उशिरा केलं पण केलं. नाहीतर दुसरी भीती असतेच, की कुणीतरी तासाच्या भाड्यानं माइनिंगची निम्म्याहून जास्त ताकद घ्यायची आणि मागचा हिशोबच पलटवून टाकायचा. इथेरियम क्लासिक काय लहान नाणं नव्हे, पण २०२० च्या ऑगस्टमध्ये एकाच महिन्यात त्याच्यावर तीनदा असला हल्ला झाला. मग आमच्यासारख्यांचं काय.

विकायचं म्हटलं तर अजून गंमत. गुळाच्या सौद्याला निदान दहा व्यापारी उभे असतात, आमच्या नाण्याला कधीकधी घेणारा एकच, आणि तो पण बहुतेक बॉट, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्राम. स्क्रीनवर दिसणारा भाव गुणिले माझ्याकडची नाणी असं केलं तर मी बरा पैसेवाला आहे, पण प्रत्यक्षात चार-पाच हजाराचं विकायला काढलं की भाव पाव भागानं खाली येतो, म्हणजे तो भाव पहिल्या मूठभर नाण्यांपुरताच खरा. हे गणित प्रत्येकानं आधी करून बघावं. आणि एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी घ्यायच्या-विकायच्या वेबसाइटवर, ठेवलेलं नाणं आपलं नसतंच, २०१४ ला जपानचं माउंट गॉक्स बुडालं तेव्हा साडेआठ लाखाच्या आसपास बिटकॉइन गेल्याचं त्यांनीच सांगितलं, त्यातले दोनेक लाख नंतर सापडले. आमचं नाणं दोन एक्स्चेंजनी यादीतनं काढून टाकलं, एकानं महिन्याची नोटीस तरी दिली, दुसऱ्यानं तेवढी पण नाही.

आता मूळ मुद्दा, जो मला २०१९ च्या पुरात नीट कळला. तेव्हा माझं दुकान व्हीनस कॉर्नरजवळ होतं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्यावर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गिऱ्हाईकांचे लॅपटॉप आणि सीपीयू आम्ही रात्री वरच्या फळ्यांवर चढवले, पण नोडचं मशिन टेबलाखालीच राहिलं, आणि त्याच टेबलाखाली माझ्या मित्राचा जुना पीसी, तो पण माझ्यासारखाच २०१४ पासून माइन करणारा. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर आत गुडघाभर चिखल.

मी दुसरं मशिन लावलं, नेट आलं त्या दिवशी नोड चालू केला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पहिल्या ब्लॉकपासनं सगळी वही परत उतरली होती. पाच वर्षांचा एकेक व्यवहार. माझी वही नदीनं नेली आणि कुठल्या कुठल्या देशातल्या, ज्यांना मी कधी बघितलं पण नाही अशा माणसांच्या मशिननी ती मला परत दिली, एक पैसा न घेता. भिशीची वही एकाच माणसाकडं असते आणि तो पळाला की वही पण पळते, इथं प्रत्येक सभासदाकडं तीच वही. पण किल्ली मात्र कुणी परत देत नाही. माझ्या वॉलेटची फाईल, म्हणजे किल्ली जिच्यात असते ती, पेनड्राइव्हवर होती आणि पेनड्राइव्ह घरी देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, आईनं उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवलेला. मित्राची फक्त त्या हार्डडिस्कमध्ये. आम्ही ती खोलली, धुतली, वाळवली, पुण्याला रिकव्हरीला पण पाठवली, काही निघालं नाही. त्याची नाणी आजपण एक्सप्लोररवर दिसतात, त्याच पत्त्यावर, एक पण हललेलं नाही. तो कधीकधी दुकानात येऊन बघून जातो.

आता ह्याच्या उलट वनकॉइन बघा. त्याच्या नावानं जगभरातनं अब्जावधी डॉलर गोळा केले आणि तपासात निघालं की मागं खरी ब्लॉकचेन, म्हणजे अशी सगळ्यांकडं असणारी वही, नव्हतीच, भाव कंपनीच ठरवायची. २०१७ मध्ये त्याचे एजंट नवी मुंबईत पकडले, त्याच वर्षी ती चालवणारी रुजा इग्नातोवा गायब झाली ती अजून सापडली नाही. म्हणजे वही नाही, किल्ली नाही, नुसतं ॲप आणि सेमिनार आणि हॉटेलातलं जेवण. माझं एवढंच म्हणणं आहे की हे आणि आमचं एका माळेत ओवू नका. आमचं नाणं भिकार असेल पण ते खोटं नाही, कुणीपण येऊन वही तपासावी.

आणि ही वही चालू कशी राहते ते कुणी विचारतच नाही. बाकी सगळे भाव विचारतात. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये बिटकॉइनच्या कोडमध्ये एक मोठी चूक सापडली, तीच नाणी दोनदा खर्चून हवेतनं नवीन नाणी तयार करता येतील अशी. बिटकॉइनवाल्यांनी लगेच दुरुस्ती काढली, पण तो कोड उचलून बनवलेल्या कितीतरी छोट्या नाण्यांमध्ये ती फट तशीच, आणि पिजनकॉइन नावाच्या एका छोट्या नाण्यात कुणीतरी त्या फटीतनं कोट्यवधी नाणी फुकटात काढलीच. चूक सापडली तेव्हा नेमके आपले गणपतीचे दिवस. आमच्याकडं कोड कळणारी माणसं तीन, त्यातला एक प्रवासात. बाहेर डॉल्बीनं दुकानाची काच थरथरतेय आणि मी आत विंडोजचं वॉलेट कंपाईल करतोय, दोनदा फेल, तिसऱ्यांदा झालं. मग प्रत्येक पूलला, म्हणजे एकत्र माइन करणाऱ्यांच्या गटाला, कळवा, एक्स्चेंजला कळवा, ते म्हणणार तिकीट टाका, तिकिटाला उत्तर विसर्जनानंतर. हे काम कुणी पगारावर करत नाही. एक्सप्लोररच्या सर्व्हरचं भाडं, डोमेनचं रिन्यूअल, नवीन मशिनला बाकीच्यांचा पत्ता देणारा सीड नोड, हे सगळं वर्गणीवर चालतं, तालमीच्या मंडळासारखं, फक्त पावती पुस्तक नाही आणि आरतीला पाटील येत नाहीत. मी वॉलेटचं मराठी पण करायला घेतलंय, "माइनिंग"ला खाणकाम लिहिलं तर पोरं हसतात, म्हणून माइनिंगच ठेवलं.

एक तक्रार सरकारकडं पण आहे. १ एप्रिल २०२२ पासून ह्या कमाईवर ३० टक्के कर लागला, सेस वेगळा, त्याच वर्षी जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. कर घ्या, काय म्हणणं नाही. पण एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातनं वजा होत नाही, आणि माइनिंगला लागणाऱ्या मशिनरीचा खर्च पण खरेदी किंमत म्हणून धरता येत नाही असं लोकसभेत उत्तर आलेलं आहे. गुऱ्हाळवाल्याला कुणी म्हणतं का की काहील आणि इंजिन सोडून नुसत्या गुळाच्या विक्रीवर टॅक्स भर? मोठे लोक दुबईला गेले, आमच्यासारखा हजार-दोन हजाराचं विकणारा रिटर्न भरताना सीएला तोंड दाखवायला लाजतो, कारण त्याची फी नाण्यापेक्षा जास्त.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी असल्या सेमिनारला कुणी गेलं तर परताव्याचे आकडे लिहून घ्यायच्या आधी त्या सरांना एवढं विचारा, की माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नाण्याची सगळी वही उतरवून दाखवा, आणि शेवटची दुरुस्ती कुणी आणि कधी केली ते सांगा. लगेच माईक बंद पडतो का नाही बघा.

आपला,
एक जुना वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ता.क. ते अकरा लाखवाले गृहस्थ परवा परत आले होते, त्यांच्याकडनं सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार लावून घेतली, स्क्रीनशॉट काढून दिले. जाताना म्हणाले, तुमच्या त्या नाण्याचा भाव काय चाललाय? मी म्हटलं आठ पैसे. तर ते माझ्याकडं असं बघायला लागले की फसलेला मीच आहे.