बाळ्या, ही सही मी करू का?

प्रिय बाळ्या,

इकडे सगळं ठीक. गुडघा तसाच, गोळ्या चालू.

पत्राचं कारण धाकटा. त्याच्या फ्लॅटच्या लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपत आलीय आणि नव्या करारावर त्याचा कुलमुखत्यार म्हणून मी सही करायची आहे. म्हणून गृहकर्जाची फाईल काढून वाचली. स्वच्छ लिहिलंय: बँकेच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय घर भाड्याने द्यायचं नाही, लीव्ह अँड लायसन्सवरही नाही. परवानगी कुठाय विचारलं, तर म्हणतो, "हप्ता वेळेवर जातोय ना? शिवाय करार रजिस्टर केलाय की."

अरे, रजिस्टर करणं 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर बंधनकारकच आहे. त्याने बँकेची संमती कशी मिळते? मग वकील मित्राचा हवाला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम 65अ, गहाण घरसुद्धा भाडेपट्ट्याने देता येतं. येतं, तीन वर्षांपर्यंत. पण गहाणाच्या करारात त्याला मनाई नसेल तरच, हेही त्याच कलमात आहे. अर्धं वाचून वाद घालायची ही खोड तो तुझ्याकडून शिकला. कॅरममध्ये कव्हर न घेता राणीचे गुण लावायचास, आता तरी कबूल कर!

मला घोर लागलाय तो त्या भाडेकरू बाईंचा. उद्या धाकट्याची नोकरी गेली, हप्ते 90 दिवसांच्या वर थकले, की खातं थकीत कर्जात. मग 2002 च्या सरफेसी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, तीही धाकट्याच्या नावाने. बाईंना कळणार कधी, तर ताबा घ्यायला माणसं दारात आल्यावर. त्यांच्या हातातला करार बँकेने कधी पाहिलेलाच नाही. त्यात लायसन्स म्हणजे राहायची नुसती मुभा, घरावर हक्क काही नाही. मध्ये मुलाच्या पुस्तकांसाठी फळी लावायची होती, तर त्यांनी मला फोन केला, "भिंतीत दोन खिळे ठोकले तर चालतील का?" बाळ्या, त्या खिळ्यांसाठी विचारतात, आणि घरावर कर्ज आहे एवढंही त्यांना कुणी सांगितलेलं नाही!

बाकी सगळे म्हणतात, लोक सर्रास करतात, कशाला उकरतोस. तुझ्याशी त्यावर बोलायची गरजच नाही. तुमच्या भाड्याच्या घराच्या दारावर डकवलेली ती नोटीस तूच मोठ्याने वाचली होतीस, आणि दादा मधेच म्हणाले होते, "पुरे."

धाकट्याला सांगितलंय, आधी बँकेत लेखी अर्ज, परवानगी कागदावर, बाईंना कर्जाची कल्पना, मग माझी सही. बँक नाही म्हणाली तर बाईंना दुसरं घर बघायला पुरेसा वेळ आणि डिपॉझिट पूर्ण परत. तो म्हणतो, घरचाच माणूस आडवा येतोय. आई त्याच्या बाजूने. जेवताना कुणी बोलत नाही. तरी मी हलणार नाही.

तुझ्या पेन्शनचे कागद मार्गी लागले का? लेकीला नोकरीबद्दल शाबासकी सांग. दिवाळीत येतोयस हे नक्की धरतो.

आणि काकूंना एक विचारून कळव. त्या वेळी घरमालकाने तुमचं डिपॉझिट परत दिलं होतं का? धाकट्याला ते तुझ्याच अक्षरात दाखवायचंय.

तुझा,
बंड्या