‘होत्या’ नको, ‘आहात’ लिहायला सांगा

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

मावशीला हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या तुमच्या केंद्रात, आणून तीन दिवस झाले होते. तुम्ही मला खोलीबाहेर थांबवून विचारलंत, “यांना भेटायला येऊ न शकणारी माणसं किती आहेत?” मी मोजायला लागले आणि मोजता मोजता गप्प झाले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. माणसं कुठे कुठे पांगलेली.

“मग त्यांचे शब्द मागवून घ्या,” तुम्ही म्हणालात. “आत्ताच.”

खरं सांगते, मला ते पटलं नव्हतं. श्रद्धांजली हा शब्द आपण माणूस गेल्यावरच उच्चारतो. जिवंतपणी ती गोळा करायची म्हणजे मावशीला आपणच आधी निरोप दिल्यासारखं वाटलं. तुम्ही वाद घातला नाहीत. “आधी त्यांना विचारा,” एवढंच म्हणालात. मावशी डोळे मिटूनच म्हणाली, “ऐकव की. फक्त रडारड नको.”

त्या रात्री ड्यूटी संपल्यावरही तुम्ही थांबलात आणि सगळ्यांना काय कळवायचं ते माझ्याकडून लिहून घेतलंत. मी लिहिलेलं ‘मावशी कशा होत्या ते सांगा’ तुम्ही खोडायला लावलंत. ‘होत्या’ नको, ‘आहात’ लिहायला सांगा. त्यांच्याबद्दल नको, त्यांच्याशी बोलू द्या. ‘लवकर बऱ्या व्हा’ नको, तिला सगळं माहीत आहे. स्तुती नको, एक प्रसंग. एका मिनिटाच्या आत, स्वतःच्या आवाजात. आयुष्यभर आवाजांवरून माणसं ओळखणाऱ्या बाईला वाचून दाखवण्यात काय अर्थ, हे मला सुचलं नव्हतं, तुम्हाला सुचलं.

वेळही तुम्हीच ठरवून दिलीत. दुखण्याचं औषध लागू पडल्यावर ती थोडा वेळ जागी आणि शांत असायची, तेव्हा फक्त दोन संदेश. एका नातेवाइकाने अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते आम्ही तुकडे करून चार दिवस ऐकवलं.

एक्स्चेंजमधल्या एका सहकारी बाईंचा संदेश होता: “रात्रपाळीत माझी मुलगी तापाने फणफणल्याचा निरोप आला, तेव्हा तू माझ्या बोर्डावर बसलीस आणि मला घरी पाठवलंस. ती मुलगी आता आजी झाली आहे.” मावशीला हे अजिबात आठवत नव्हतं. “मी?” म्हणाली, आणि मग, “परत लाव.”

आणि ती मैत्रीण, जिच्याशी तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तिला कळवावं की नाही, हे मी तुम्हालाच विचारलं. “माफी मागायची असेल तर मागू द्या, पण उत्तर मागायचं नाही, हे आधी सांगा,” तुम्ही म्हणालात. मावशीने तो संदेश ऐकला, काही बोलली नाही. फोन मात्र बराच वेळ हातातून सोडला नाही.

शेवटच्या दोन दिवसांत ती हाकेला प्रतिसाद देईना. मी फोन ठेवून दिला होता. ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत तुम्ही म्हणालात, “तरी लावा. कानाशी, हळू.” नंतर माझ्या वाचनात आलं की, व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. शेवटच्या काही तासांत, प्रतिसाद थांबल्यावरही काहींचा मेंदू आवाजांची दखल घेत होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यातून सांगता येत नाही. मला तेवढंही पुरलं. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉंडर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या, हेही तेव्हाच वाचलं आणि तुमची आठवण झाली.

मावशी गेल्यावर त्या मैत्रिणीचा फोन आला. “तिने ऐकलं ना?” एवढंच तिने विचारलं.

मला ‘हो’ म्हणता आलं, सिस्टर. ते तुमच्यामुळे.

तुमची ऋणी,
खिडकीजवळच्या खाटेवरच्या मावशींची भाची