‘इथे डुलकी लागली’ असं लिहिणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, पेठ सांगायची नाही, शाल-श्रीफळ तर मुळीच नाही, अशा अटींवर तुम्ही पुण्याच्या सवाई गंधर्व शास्त्रीय संगीत महोत्सवात बसून टिपलेल्या तुमच्या वह्या आमच्या हवाली केल्यात. अटी पाळतो आहोत. जाहीर आभार मानायचे नाहीत असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात. तेवढी फट सापडली म्हणून हे पत्र.

महोत्सवाची वर्षवार सूची करायची म्हणजे कोणत्या सत्रात कोण बसलं, काय गायलं-वाजवलं, साथीला कोण होतं, एवढंच तर लिहायचं, असं बाहेरच्याला वाटतं. तुम्हाला तसं वाटत नव्हतं, हे पहिली वही उघडताच कळलं. ज्यांच्या कपाटात छापील कार्यक्रमपत्रिका रांगेने लावलेल्या आहेत, त्यांच्याकडून ‘सध्या कपाटं हलवायचं काम चालू आहे’ याच्या पलीकडे काही मिळालं नाही. ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्या एका सद्गृहस्थांनी ‘हे फक्त माझ्याकडेच आहे’ असं सांगून जेमतेम आलापापुरता तुकडा ऐकवला आणि त्यातही मधे मधे स्वतःचं निरूपण घातलं. तुम्ही मात्र वह्यांची पिशवी दिलीत आणि पावती घेतली नाहीत. ती घ्यायला हवी होतीत. पुढच्या वेळी कुणालाही काही देताना पानं मोजून, सही घेऊन द्या, ही विनंती.

तुमच्या वह्यांनी काय काय सोडवलं ते सविस्तर लिहितो. असं काम करणाऱ्या इतरांच्याही ते उपयोगी पडेल.

पहिला घोळ क्रमांकाचा. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे गायक रामभाऊ, १२ सप्टेंबर १९५२ रोजी गेले. पुढच्या वर्षी पंडित भीमसेन जोशींनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. १९५३चा पहिला, म्हणून सालातून १९५२ वजा केले की क्रमांक निघतो, असं बहुतेक जण धरून चालतात. पण २००९मध्ये स्वाइन फ्लूमुळे डिसेंबरचा महोत्सव पुढे गेला आणि ५७वा भरला तो जानेवारी २०१०मध्ये. त्याच सालच्या डिसेंबरात ५८वा. त्यामुळे ‘सवाई २०१०’ एवढंच लिहिलेली कॅसेट किंवा फाइल दोन्हीपैकी कोणत्याही महोत्सवाची असू शकते. पुढे करोनामुळे २०२० आणि २०२१ कोरडी गेली, २०२२च्या डिसेंबरात ६८वा झाला, आणि तिथून वजा करायचा आकडा १९५४ झाला. तुम्ही दर पानावर साल आणि क्रमांक दोन्ही लिहिलेत, शिवाय वारही. तिन्ही जुळले तरच आम्ही नोंद पक्की धरतो. आणखी एक: पुण्यतिथी सप्टेंबरातली आणि महोत्सव थंडीतला, त्यामुळे जुन्या कात्रणावर नुसतं ‘पुण्यतिथीनिमित्त’ असेल तर त्यावरून महिना ठरवू नये.

दुसरा घोळ मध्यरात्रीचा. रात्रभर बैठक चालायची त्या काळात शनिवारच्या सत्रात तिसऱ्या क्रमांकावर बसलेला कलाकार प्रत्यक्षात रविवारी पहाटे गायचा. पत्रिकेत तो शनिवारी असतो, वर्तमानपत्रातल्या परीक्षणात रविवारी, आणि कॅसेटवर ज्याने लिहिलं त्याच्या मर्जीने. दोन मैफली झाल्या असं समजून एकच गाणं दोनदा नोंदलेल्या याद्या आम्ही पाहिल्या आहेत. तुम्ही ‘शनि. रात्र, पहाटे ३.२०’ असं लिहिता. सत्र आधी, घड्याळ नंतर. आमची सगळी सूची आता याच पद्धतीने लावली आहे.

तारीख नसलेल्या पत्रिका तुमच्या पानांत घडी घालून ठेवलेल्या होत्या, त्यांचं साल उपाध्यांवरून काढलं. भीमसेनजींच्या नावाआधी पद्मश्री असेल तर १९७२नंतरची, पद्मभूषण असेल तर १९८५नंतरची, पद्मविभूषण असेल तर १९९९नंतरची, आणि भारतरत्न असेल तर नोव्हेंबर २००८च्या अलीकडची. गंगूबाई हनगलांना पद्मभूषण १९७१मध्ये आणि पद्मविभूषण २००२मध्ये मिळालं, म्हणजे दोन्ही नावं एकाच पत्रिकेत असली की ज्याची उपाधी नंतरची त्यावरून आरंभीचं साल आणखी पुढे सरकवता येतं. जाहिरातीत पुण्यापुढे ४११ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड दिसला तर कागद ऑगस्ट १९७२च्या आधीचा नाही. महोत्सवाच्या नावातच ‘भीमसेन’ असेल तर तो २०११चा किंवा त्यानंतरचा, कारण पंडितजी गेले २४ जानेवारी २०११ रोजी. इंटरनेटवर १९८० सालच्या म्हणून फिरणाऱ्या काही ध्वनिमुद्रणांना ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ असं शीर्षक असतं, तिथे साल किंवा शीर्षक, दोन्हींपैकी काहीतरी नंतर चिकटवलेलं आहे. उपाधी मात्र एकाच दिशेने उपयोगी पडते. ती छापली असेल तर कागद त्यानंतरचा, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण छापणारे कधी कधी जुनाच ब्लॉक वापरत.

आता खरी कमाई. तुमच्या वहीत उजवीकडे दोन अरुंद रकाने आहेत: ‘सूर’ आणि ‘तार’. सूर म्हणजे गायकाची पट्टी, पेटीवरच्या काळी एक, पांढरी दोन अशा खुणेने. तार म्हणजे तंबोऱ्याची पहिली तार कशात लावली: पंचम, मध्यम की निषाद. हे कोण लिहून ठेवतं! परीक्षणात हे कधीच येत नाही, पत्रिकेत येणं शक्यच नाही. पण ज्याच्यापुढे बिनलेबलाच्या कॅसेटांची खोकी पडली आहेत त्याला याहून मोलाचं काही नाही.

कारण असं. मैदानात बसून बॅटरीच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण केलं की रात्र चढते तशी बॅटरी उतरते आणि फीत संथ फिरते. तीच फीत घरी योग्य वेगाने लावली की आवाज चढा आणि लय घाईची लागते. एक अर्धस्वर चढला म्हणजे वेग सुमारे ६ टक्क्यांनी जास्त, तासाचं गाणं साडेछपन्न मिनिटांत संपतं. अशा कॅसेटा ऐकून ‘त्या वर्षी बुवा काय चढ्या पट्टीत गायले’ असं सांगणारे भेटतात. तुमच्या रकान्यात त्या रात्रीची पट्टी लिहिलेली आहे, त्यामुळे वेग किती कमी करायचा ते अंदाजावर सोडावं लागत नाही. बॅटरी हळूहळू उतरत जाते, म्हणून सुरुवातीला एक, मधे एक आणि शेवटी एक अशा तीन ठिकाणी सूर तपासून दुरुस्ती वाढवत न्यावी लागते. सगळ्या फितीला एकच आकडा लावला तर शेवटचा द्रुत, म्हणजे जलद लयीतला भाग, बिघडलेलाच राहतो.

‘तार’ रकान्याने गायक-राग जुळवले. आलापाआधी फितीवर अर्धा-एक मिनिट नुसते तंबोरे असतात. पहिली तार निषादात असेल तर मारवा, पूरिया, सोहनी या घरातलं काहीतरी. मध्यमात असेल तर बहुधा मालकंस किंवा ललत. पंचमात असेल तर उरलेला जवळपास सगळा प्रदेश, तिथे मुखडाच, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळच हवी. आणि तुम्ही रागाच्या नावाआधी मुखडा लिहिता! पूर्वाकल्याण आणि पूरियाकल्याण ही एकाच रागाची नावं दोन ठिकाणी दोन नोंदी करून बसतात. कौंसी कानडा म्हटलं तर मालकंस अंगाचा की दुसरा, हे नावावरून कळत नाही. मुखडा दिला की वाद मिटतो.

तंबोरे पुन्हा लावल्याची मिनिटंही तुम्ही टिपलीत. उघड्या मैदानात डिसेंबरच्या रात्री थंडीने तार आखडते, सूर चढतो. दवाने तबल्याची पुडी ओलावते, सूर उतरतो. दोघं उलट दिशांना निघाले की संथ लयीतला विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये थांबावंच लागतं. मुद्रण करणारा तेव्हा फीत वाचवायला बटण दाबून ठेवतो. शिवाय सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, विलंबित रंगात आलेला असतानाच ती उलटायची वेळ यायची. फितीवरची लांबी आणि तुमच्या घड्याळातली लांबी यांत दहा-बारा मिनिटांचा फरक का पडतो, ते असं उलगडलं. गाणं ‘कापलेलं’ नव्हतं.

तंबोऱ्यावर मागे कोण बसलं होतं हेही तुम्ही लिहिलंत, नाव माहीत नसेल तिथे ‘निळा सदरा, गोड आवाज, चौकशी करणे’ असं. त्यातल्या काहींची चौकशी आता आम्ही करतो आहोत.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते आता. नोंदींच्या मधे मधे पेन्सिलीने बारीक अक्षरात तुम्ही लिहिलं आहे: ‘इथे डुलकी लागली. विलंबित ऐकलं नाही.’ दुसरीकडे, ‘थालीपिठाच्या रांगेत होते, राग शेजारच्यांनी सांगितला.’ एके ठिकाणी, ‘बहुधा ललत. खात्री नाही, झोपेत.’ काकू, वह्या देण्यापूर्वी ही वाक्यं खोडणं तुम्हाला सहज शक्य होतं. उलट तुम्ही तिथे तिथे कागदाच्या पट्ट्या घालून दिल्यात, आमच्या नजरेतून निसटू नयेत म्हणून. त्या पट्ट्यांमुळे बाकीच्या सगळ्या पानांवर आमचा विश्वास बसला. जो माणूस आपण काय ऐकलं नाही हे लिहून ठेवतो, त्याने ऐकलं म्हटलं की ते ऐकलेलं असतं.

या महोत्सवाबद्दल बोलणाऱ्यांत न झोपलेल्यांची संख्या फार मोठी आहे. रात्रभर ताठ बसून सगळं ऐकलं, पहाटेची तोडी तर अजून कानात आहे, असं सांगणाऱ्यांकडून तोडीची बंदिश विचारली की विषय मिसळीवर जातो. त्यात वाईट हेतू नसतो, आठवणीला सजायची सवय असते. पण त्या सजलेल्या आठवणी एकदा छापल्या गेल्या की पुढचा प्रत्येक लेख त्यांच्यावरून नक्कल करतो. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं, अशी आपली समजूत असते. परक्या माणसाला चुकीची माहिती जाऊ नये म्हणून आपली डुलकी कबूल करणं हा त्याहून अवघड सभ्यपणा आहे, आणि तो बाळगणारी माणसं भारतीय बैठकीत कुठेतरी मधल्या रांगेत बसलेली असतात, सोफ्यावर क्वचितच.

तुमच्या वह्यांतून एक गोष्ट अशी निघाली की जी आम्ही शोधतही नव्हतो. २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत. रात्रभरची बैठक गेली याची हळहळ सगळ्यांनी केली आणि ती रास्तच आहे: मध्यरात्रीनंतरचा दरबारी आणि पहाटेचा ललत यांची जागा गेली. पण सत्रं दुपारी सुरू होऊ लागल्यावर तुमच्या मुखड्यांच्या रकान्यात मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती दाटीवाटीने येऊ लागतात. रात्री सुरू होणाऱ्या मैफलीत या रागांना दारच नव्हतं. कायद्याने एक प्रहर काढून घेतला आणि दुसरा दिला, हे कुणी मुद्दाम नोंदलेलं नाही. तुम्हीही नाही, पण पानं शेजारी शेजारी ठेवली की दिसतं.

वह्या सुखरूप आहेत. गंजलेल्या टाचण्या काढल्या आहेत, खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून, म्हणजे कागद फाटला नाही. सेलोटेप कुठेही लावलेली नाही, लॅमिनेशन तर नाहीच. फाटक्या कडा तशाच ठेवल्या आहेत. प्रत्येक पानाची प्रतिमा घेतली आहे, पेन्सिलीचं लिखाण उठावं म्हणून उजेड बाजूने तिरका टाकून. पट्ट्या ज्या पानात होत्या त्याच पानात आहेत. मूळ वह्या तुमच्याकडे परत येतील, सोबत छापील प्रत आणि यावेळी पावतीही.

एक शंका तेवढी राहिली आहे. महोत्सव रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावर भरायचा तेव्हापासून रमणबाग शाळेच्या मैदानावर भरायचा तोपर्यंतच्या वह्यांत काही नोंदींपुढे हिरवी फुली आहे; २०१८ला महोत्सव मुकुंदनगरला गेल्यावर ती बंद झाली. आमच्यात दोन तट पडले आहेत. एकाचं म्हणणं, ही तुमची खास पसंती. दुसऱ्याचं म्हणणं, या गाण्याला तुम्ही चहाला उठून गेलात. तुम्ही सांगेपर्यंत तो रकाना कोरा ठेवला आहे.

आपले ऋणी,
सूचीचं काम करणारे सगळे